बक्षिसाचा प्रश्न आणि वेतनाचा प्रश्न

(आटगाव येथे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूरचित्रवाणीवरील बक्षिसांचे खेळ हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहून काही ज्येष्ठ साथींच्या भुवया उंचावल्या असतील. वनहक्काचे दावे पडून आहेत, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आहेत, वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटते आहे. असे असताना ही करमणुकीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. परंतु ज्या घराशी कार्यकर्त्याला बोलायचे असते, त्या घराशी त्याच्या आधी रोज रात्री कोणीतरी तासभर बोलून गेलेले असते. ते काय बोलले, आणि त्या बोलण्याचा खर्च अखेर कोणाच्या खिशातून गेला, हे पाहणे म्हणजे करमणूक नव्हे. तो सरळसरळ अर्थशास्त्राचा विषय आहे.

‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम ३ जुलै २००० रोजी सुरू झाला. अमिताभ बच्चन यांच्या भारदस्त आवाजामुळे तो अस्सल भारतीय वाटला, तरी त्याचा मूळ साचा ब्रिटनमधला. तेथे तो ४ सप्टेंबर १९९८ रोजी प्रथम दाखवला गेला आणि पुढे शंभराहून अधिक देशांत विकला गेला. येथे नेमके काय विकले गेले याचा विचार करण्यासारखा आहे. यात कच्चा माल नाही, यंत्र नाही. प्रश्न किती, पर्याय किती, दिवे कधी मंदावायचे, संगीत कोठे चढायचे, स्पर्धकाला मदत किती वेळा व कोणत्या स्वरूपात घेऊ द्यायची, यांच्या नियमांची जणू एक पोथी विकली गेली. त्या पोथीच्या मालकीला स्वामित्वशुल्क पडते. २००६ साली ही मालकी एका डच कंपनीकडे गेली. ती कंपनीच २००८ मध्ये सोनी उद्योगसमूहाने विकत घेतली. २०१० पासून हिंदी कार्यक्रम दिसतो तो याच समूहाच्या वाहिनीवर. २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ सादर केले, २०१९ मध्ये नागराज मंजुळे ‘कोण होणार करोडपती’ घेऊन आले. भाषा मराठी, माणसे मराठी, प्रश्नही ज्ञानेश्वरीपासून लावणीपर्यंतचे असू शकतात. पण साच्याची मालकी परक्याचीच. ठाणे जिल्ह्यातल्या ज्या घरांच्या मागच्या पिढ्यांनी कुळाचा खंड भरला आहे, त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. जमीन कसणाराची झाली, कल्पना मात्र अजून सावकाराच्याच आहेत.

दूरदर्शनवर १९८५ च्या सुमारास सिद्धार्थ बसू ‘क्विझ टाइम’ हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सादर करीत. महाविद्यालयांचे संघ त्यात उतरत आणि चुरस ज्ञानाची असे. पुढे करोडपतीच्या निर्मितीतही तेच गृहस्थ होते. म्हणजे माणूस बदलला नव्हता, प्रश्न विचारण्याचे कसबही बदलले नव्हते. पंधरा वर्षांत बदलला तो प्रश्नाभोवतीचा बाजार.

या बाजाराचा हिशेब एकदा न्यायालयासमोर आला होता. २००७ मध्ये शाहरुख खान यांनी सादर केलेल्या तिसऱ्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी एक स्पर्धा होती. प्रश्नाचे उत्तर एसएमएसने पाठवायचे, बरोबर उत्तर देणाऱ्यांतून एकाला निवडून दोन लाख रुपये द्यायचे. एका संदेशाचा दर २ रुपये ४० पैसे, नेहमीच्या दराच्या दुपटीहून अधिक. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे आलेल्या आकड्यांनुसार सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आले. गुणाकार केला तर ही रक्कम १३ कोटी ९२ लाख रुपये होते. ५२ भागांची बक्षिसे धरली तर वाटले गेले १ कोटी ४ लाख. आयोगाने २००८ मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून वाहिनी व दूरध्वनी कंपनी यांना एक कोटीचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने, बक्षिसाची रक्कम संदेशांच्या वाढीव दरातूनच दिली गेली हे पुराव्याने सिद्ध झाले नाही, असे म्हणून तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनच पुढे जाणे योग्य. कायद्यात जे सिद्ध करावे लागते ते सिद्ध झाले नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुणाकार आणि वजाबाकी मात्र कोणत्याही निकालाने बदलत नाहीत.

यासंबंधी या राज्याचा स्वतःचा इतिहासही आठवण्याजोगा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात प्रवेशशुल्क घेऊन चालणाऱ्या शब्दकोड्यांच्या स्पर्धांचे मोठे पेव फुटले होते. मुंबई सरकारने १९४८ मध्ये त्यांना आवर घालणारा कायदा केला आणि १९५५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसांच्या अशा स्पर्धांवर बंदी आणली. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. मात्र जेथे कौशल्यच प्रधान आहे अशा स्पर्धा या बंदीत येत नाहीत. कौशल्य व नशीब यांच्यातल्या या रेषेवरच आजचे सारे बक्षिसांचे खेळ उभे आहेत. अवघ्या बारा वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने स्वतःचीच लॉटरी काढली. जे नागरिकाने करणे अनीतीचे ते शासनाने केले की महसूल होतो, हा चमत्कार अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही!

आता या साऱ्याच्या गाभ्याशी असलेली गोष्ट. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे या बाईंनी करोडपतीत एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवीत. त्याबद्दल त्यांना महिना १५०० रुपये मिळत. एक कोटींचा प्रश्न त्यांनी सोडवला. सात कोटींच्या प्रश्नाशी मात्र त्या थांबल्या व रक्कम घेऊन उतरल्या.

हे थांबणे नीट पाहावे. चार पर्याय आहेत. डोळे मिटून एकावर बोट ठेवले तरी सात कोटी मिळण्याची शक्यता चारात एक. चुकले तर ३ लाख २० हजारांवर यायचे. सरासरी काढली तर ती येते १ कोटी ७७ लाखांच्या वर. हातातल्या एक कोटीपेक्षा ती कितीतरी अधिक. पुस्तकी गणित म्हणते, खेळा. बाई थांबल्या, आणि त्यांचेच बरोबर होते. कारण सरासरी ही त्याची असते जो पुन्हा पुन्हा खेळू शकतो. विमा कंपनी खेळू शकते, वाहिनी खेळू शकते, शेअर बाजारातला मोठा दलाल खेळू शकतो. खिचडी शिजवणारी बाई आयुष्यात एकदाच त्या खुर्चीवर बसते. ज्याच्या घरी आधीच कोटी आहेत त्याने चुकावे व हसत उठावे. ज्याच्या घरी नाहीत त्याला चूक परवडत नाही. खुर्ची सर्वांना सारखी, प्रश्न सर्वांना सारखे, आणि तरीही खेळ सारखा नाही. शेतकरी पिकाच्या बाबतीत धोका पत्करीत नाही म्हणून त्याला मागासलेला ठरवणाऱ्या विद्वानांनी हे एकदा पाहून घ्यायला हवे होते.

दुसरा हिशेब याहून सोपा. महिना १५०० म्हणजे, सुट्टीचे महिनेही पगारी धरले तरी, वर्षाला १८ हजार. एक कोटी मिळवण्यास ५५५ वर्षे लागतील. हा आकडा ऐकून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येणे साहजिक आहे. पण पाणी कशासाठी आले? एका बाईला कोटी मिळाले म्हणून. शाळेतली चूल पेटवणाऱ्या बाईला दिवसाला पन्नास रुपये का मिळतात, हा प्रश्न त्या दिव्यांच्या झोतात कोणी विचारला नाही. विचारणे शक्यही नव्हते, कारण त्याला चार पर्याय नसतात. त्या रकमेला शासन वेतन म्हणत नाही, मानधन म्हणते. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा दारात येतो. मानधन म्हटले की सेवाभाव येतो. महाराष्ट्रात त्यानंतर हे मानधन २५०० रुपयांवर गेले. दिवसाला पन्नासाचे त्र्याऐंशी झाले.

साच्याची खरी करामत येथे आहे. तो दारिद्र्य लपवीत नाही. उलट अगत्याने दाखवतो. स्पर्धकाचे घर, गळके छप्पर, आईची शिलाई यंत्रावरची मेहनत, सारे आधी दाखवले जाते, कारण त्याशिवाय कोटींची उंची डोळ्यांत भरत नाही. वेतनाचा प्रश्न उचलून त्याचा बक्षिसाचा प्रश्न केला जातो. वेतन लाखोंना द्यावे लागते. बक्षीस एकीला दिले की पुरते.

मात्र येथे कार्यकर्त्यांनी सावध राहिले पाहिजे. हे खेळ पाहणाऱ्या माणसांची टवाळी करण्याची खोड आपल्या चळवळीत जुनी आहे व ती फार महागात पडलेली आहे. ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम २००४ ते २०२४ अशी वीस वर्षे चालला. सादरकर्ते आदेश बांदेकर घरोघरी ‘भावोजी’ झाले. खेळ साधे, बक्षीस पैठणीचे. २०२२ मध्ये त्याच मालिकेत अकरा लाखांची पैठणी ठेवली गेली तेव्हा येवल्याच्या मागावर बसणाऱ्या विणकराला दिवसाचे काय पडते, हे विचारायला हवे होते, ते खरेच. परंतु अकरा लाखांची पैठणी येण्याआधी कितीतरी वर्षे बाया हा कार्यक्रम पाहत होत्या, ते केवळ साडीसाठी नव्हे. घरातल्या बाईला कोणी तिच्या नावाने हाक मारतो, तिला काय आवडते ते विचारतो, तिचे उत्तर घरातले पुरुष गप्प बसून ऐकतात, हे तिच्या आयुष्यात इतरत्र फारसे घडत नव्हते. आपल्या किती सभांत घडते? व्यासपीठावर पुरुष, खाली सतरंजीवर बाया, आणि शेवटी आभार मानताना त्यांच्या ‘मोठ्या संख्येचा’ उल्लेख! करोडपतीच्या बाबतीतही तसेच आहे. वाचनाला मान आहे, खेड्यातली, इंग्रजी न येणारी बाई केवळ माहितीच्या बळावर मोठ्या माणसासमोर ताठ बसू शकते, हे ज्या घरांनी तेथे पाहिले त्या घरांतल्या मुलींनी पुस्तके उघडली असतील तर त्यात वाईट काही नाही. भूक खरी आहे. तिच्यावर दुकान कोणी थाटले, एवढाच वाद आहे.

आटगावात बसून एक प्रश्न रचून पाहावा. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण कोणत्या जिल्ह्यात आहे? पर्याय चार: नाशिक, पुणे, रायगड, ठाणे. शहापूरचे शेंबडे पोरही उत्तर देईल आणि पहिला टप्पा पार करील. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. मग दुसरा प्रश्न: ज्या तालुक्यातून हे पाणी जाते त्याच तालुक्यातल्या वाड्यांना चैत्र-वैशाखात टँकर का लागतो? येथे संगीत थांबते. याचे उत्तर अ, ब, क, ड यांत नाही. त्यासाठी पाणीवाटपाचे करार काढावे लागतात, जलवाहिनी कोठून कोठे गेली ते पाहावे लागते, धरणग्रस्तांना काय कबूल झाले व काय मिळाले ते विचारावे लागते. या खोलीत बसलेल्या कित्येकांच्या घरी ती उत्तरे कागदाविना पाठ आहेत.

तेव्हा या वर्गातून उठताना दोन कामे घेऊन जावीत. शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शाळांच्या चुलींवर किती बाया काम करतात, त्यांना मानधन किती महिन्यांचे मिळते व किती महिने उशिरा मिळते, याची गाववार नोंद पंचायत समितीतून मिळवावी आणि ती बायांकडून पडताळून घ्यावी. आणि त्यांची बैठक रात्री नऊला ठेवू नये. त्या वेळी करोडपती लागतो. शाळा सुटून भांडी घासून झाली की दुपारी, शाळेच्याच ओट्यावर ठेवावी, आणि पहिल्यांदा बोलायला त्यांच्यातल्याच एकीला तिच्या नावाने बोलवावे.