दाराची राखण



दिल्लीस आलेला मराठी पाहुणा लाल किल्ला पाहावयास जातो, तेव्हा लाहोरी दरवाजापाशी तो जरा गोंधळतो. चांदणी चौकातून सरळ यावे आणि समोरच्या भव्य दारातून आत शिरावे, अशी त्याची अपेक्षा असते. पण मध्ये एक आडवी भिंत येते. तिला वळसा घालून, बाजूच्या दाराने आत जाऊन, मगच मूळ दरवाजाला सामोरे जाता येते. शहाजहानने १६४८ साली किल्ला पुरा केला तेव्हा ही भिंत नव्हती. ती औरंगजेबाने मागाहून घातली. आग्र्याला कैदेत असलेल्या बापाने ही वार्ता ऐकून, तू नवरीच्या मुखावर पडदा टाकलास, असे मुलाला कळविले म्हणतात. सौंदर्याच्या दृष्टीने बाप खरा असेल. संरक्षणाच्या दृष्टीने मुलाचे काही चुकले नव्हते, हे रायगडाचा महादरवाजा पाहिलेल्या माणसाला सांगावयास नको. दोन बुरुजांच्या कुशीत दडलेले ते दार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि वाट अशी वळविलेली की हत्तीला धडक देण्यापुरती धाव घेता येऊ नये. आज सरकारी कचेऱ्यांसमोर रस्ता नागमोडी करतात, जमिनीतून वर येणारे लोखंडी खुंट बसवितात, त्यामागचा विचार हाच आहे. हत्तीच्या जागी मोटार आली, इतकेच.

परंतु दगडाच्या भरवशावर फार राहू नये. दिल्लीचे जुने संसद भवन १९२७ साली उघडले. ते वर्तुळाकार, भोवती एकशे चव्वेचाळीस खांबांची ओसरी, आणि सर्व बाजूंनी दारे. १३ डिसेंबर २००१ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास पाच सशस्त्र माणसे एका पांढऱ्या अँबॅसडर गाडीतून त्याच्या आवारात शिरली. दोन्ही सभागृहांचे कामकाज नुकतेच तहकूब झाले होते, तरी अनेक सभासद इमारतीतच होते. गाडीवर लाल दिवा होता, काचेवर गृहखात्याची चिठ्ठी चिकटविलेली होती. बाहेरच्या फाटकाने चिठ्ठी पाहिली आणि वाट दिली.

पुढे काय झाले ते मुद्दाम सांगतो. राज्यसभेच्या सुरक्षा सेवेतील जगदीश प्रसाद यादव यांना गाडीचा संशय आला आणि ते तिच्यामागे धावले. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपाई कमलेश कुमारी इमारतीच्या एका फाटकावर होत्या. त्यांच्यापाशी हत्यार नव्हते, बिनतारी संदेशाचे यंत्र तेवढे होते. त्यांनी ओरडून इशारा दिला. मातबर सिंह नेगी दार बंद करावयास धावले. तिघेही गोळ्यांना बळी पडले. पण इमारतीची दारे एकामागून एक लागली, आणि त्या पाचांपैकी एकालाही आत पाऊल टाकता आले नाही. ते बाहेरच मारले गेले. त्या दिवशी दिल्ली पोलिसांचे पाच जण आणि बागेचा एक माळी धरून नऊ माणसांनी प्राण दिले. वरील तिघांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. इमारत वाचली ती खांबांनी नव्हे, दारे वेळेवर लावणाऱ्या हातांनी.

बरोबर बावीस वर्षांनी, त्याच तारखेस, शेजारच्या नव्या संसद भवनात दोन तरुणांनी प्रेक्षकांच्या सज्जातून लोकसभेत उडी घेतली आणि बुटांत लपवून आणलेल्या नळकांड्यांतून पिवळा धूर सोडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. २००१ ची चिठ्ठी खोटी होती. २०२३ चा प्रवेशपास खरा होता. दोन्ही वेळी माणसाऐवजी कागदाकडेच अधिक पाहिले गेले, असे मला वाटते.

दार कडक केले म्हणजे बाहेर रांग लागते, आणि त्या रांगेला भिंत नसते. ७ सप्टेंबर २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या पाच क्रमांकाच्या फाटकाबाहेर स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे गेली. पाससाठी तिष्ठत उभे असलेले पक्षकार ते. त्यांना आत घेण्यापूर्वी तपासावयाचे होते. तपासणीची वाट पाहता पाहता ते बळी पडले. नकाशा काढणाऱ्याने आतल्या दालनाइतकाच या ओसरीचाही विचार करावयास हवा.

आता दाराची दुसरी बाजू. हिरकणीची कथा आपणा सर्वांस पाठ आहे. सूर्यास्ताला रायगडाची दारे लागली, ती पहाटेपर्यंत उघडावयाची नाहीत असा हुकूम. तान्हे मूल खाली, आई वर. ती कडा उतरून गेली, आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधविला. कड्यातील उणीव तिने दाखविली म्हणून आपण कौतुक करतो. पण दार उघडावयास कोणी नव्हते म्हणून ती कड्यावर गेली, ही गोष्ट मात्र आपण विसरतो.

दिल्लीत ग्रीन पार्क येथील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी दुपारच्या खेळाला खाली विजेच्या रोहित्राला आग लागली. धूर बाल्कनीत चढला. तेथे खुर्च्या वाढविताना एका बाजूची वाट बंद केलेली होती. एकोणसाठ माणसे, बहुतेक गुदमरून, मेली. २०२२ साली मुंडका येथील आगीत सत्तावीस गेले; तिथे बाहेर पडावयास एकच जिना होता. चोर येऊ नये म्हणून, कोणी फुकट शिरू नये म्हणून, अथवा केवळ चार जागा वाढाव्यात म्हणून आपण दारे बुजवितो, आणि मग इमारतच पिंजरा होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष म्हटला आहे. जागा पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्यांचा सल्ला. किल्ला राखणे म्हणजे केवळ दार लावणे नव्हे, हे अमात्यांना कळत होते.

दिल्लीच्या वसाहतींना अलीकडे लोखंडी फाटके फार झाली आहेत. आमच्या वसाहतीला तीन आहेत. रात्री दोन बंद, एक उघडे, त्यावर एक म्हातारा पहारेकरी. परवा मी सहज त्याला विचारले, मागच्या फाटकाची किल्ली कोणापाशी असते? तो म्हणाला, चिटणीससाहेबांपाशी. चिटणीससाहेब कोठे आहेत? ते, तो म्हणाला, लग्नाला पुण्यास गेले आहेत, सोमवारी येतील.