रक्ताची साक्ष



स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्याने उपदेश करावा आणि विद्यार्थ्यांनी तो नाटकाची वाट पाहत सहन करावा, अशी जी आपल्याकडे वहिवाट पडून गेली आहे, तिला आज थोडी बगल देऊन, ज्या वादाचा विषय येथे बसलेल्या आपणा सर्वांची वंशावळ हाच होता, त्या एका वादाची हकीकत सांगावी असे मी योजिले आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. सुकथनकरांपुढे काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या जमा झाल्या होत्या. कोणत्या पोथीचे कोणत्या पोथीशी नाते, हे ठरवायचे कसे? दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध पाठ समान असला तर त्याने विशेष काही सिद्ध होत नाही, कारण तो सर्वांनाच वारसाहक्काने मिळालेला असतो. परंतु दोहोंत एकच चूक, त्याच जागी, जशीच्या तशी आढळली, तर ती चूक करणारा लेखनिक दोहोंच्या समान पूर्वजापाशी बसला होता, असे अनुमान निघते. सजीवांच्या पेशींतील डीएनए ही पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतलेली अशीच पोथी होय. तिच्यावरून घडणाऱ्या प्रथिनांतही त्या चुका उमटतात, आणि नात्याचा पुरावा शुद्धतेत नसून अशुद्धतेत असतो, ही या शास्त्रातील मला अत्यंत आवडणारी गोष्ट आहे.

1962 साली एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या हीमोग्लोबिनची तुलना करून असे सुचविले की, त्यांतील फरक कालमानाने साचत जातात, म्हणून त्यांच्या संख्येवरून दोन शाखा केव्हा विभक्त झाल्या याचा अदमास बांधता येईल. कल्पना मोहक खरी. पण सर्व शाखांत ते सारख्याच गतीने साचतात, हे कशावरून?

या प्रश्नाचा निकाल ज्या प्रकरणात लागला, त्याचा एक धागा आपल्या देशात आहे. शिवालिक टेकड्यांत 1932 साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस यांना जबड्याचा एक तुकडा सापडला, त्याला रामापिथेकस हे नाव मिळाले, आणि पुढे येलच्याच एल्विन सायमन्स व डेव्हिड पिल्बीम या विद्वानांनी सुमारे 1 कोटी 40 लक्ष वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला मानवशाखेच्या मूळ पुरुषाचा मान बहाल केला. एवढ्याशा तुकड्यावर एवढी मोठी सनद! परंतु त्या काळी तिला हरकत घेणारे विरळाच होते.

बर्कलेच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी हाडांकडे पाहिलेच नाही. एका प्राण्याच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन सशाला टोचले असता त्याच्या शरीरात जी प्रतिपिंडे उत्पन्न होतात, ती दुसऱ्या प्राण्याच्या अल्ब्युमिनशी जितक्या क्षीणपणे संयोग पावतील, तितके ते दोन प्राणी नात्याने दूर, हे त्यांचे मापन होते. गतीविषयीच्या शंकेचे निरसन तर त्यांनी मोठ्या चातुर्याने केले. माकडाची शाखा आधीच फुटून निघालेली असल्यामुळे, तेथपासून माणूस, चिंपांझी आणि गिबन यांच्यापर्यंतचा काळ एकच आहे. तेव्हा माकडापासूनची तिघांची अंतरे असमान भरली तर गृहीतक खोटे. ती जवळजवळ समान भरली. मग माकडे व गिबन-चिंपांझीसारखे कपी यांची फारकत 3 कोटी वर्षांपूर्वी झाली असे धरून (ही मुदत मात्र रक्ताला दगडाकडूनच उसनी घ्यावी लागली) त्यांनी 1967 साली जाहीर केले की, माणूस आणि चिंपांझी अवघ्या 50 लक्ष वर्षांपूर्वी वेगळे झाले.

अर्थात रामापिथेकस आपला पूर्वज ठरत नव्हता. जीवाश्मशास्त्रज्ञांची नाराजी झाली. सॅरिचही नमते घेणाऱ्यांपैकी नव्हते, आणि 80 लक्ष वर्षांहून जुना जीवाश्म दिसायला कसाही असो, तो मानवशाखेचा असणे शक्य नाही, असे त्यांनी बेधडक लिहिले. तंटा मिटविला तो अखेर दगडानेच. पाकिस्तानातील पोटवार पठारावर मिळालेला शिवापिथेकस या प्राचीन कपीचा चेहरा पिल्बीम यांनी 1982 साली प्रसिद्ध केला, तो ओरांगउटानच्या वळणाचा निघाला, आणि रामापिथेकसही त्याच गोतातला ठरला. ज्या पिल्बीम यांनी ती सनद लिहिण्यास हातभार लावला होता, त्यांनीच ती मागे घेतली, हे मला त्या सर्व प्रकरणातील फार मोठे कृत्य वाटते. पुढे डीएनएच्या मोजणीने 50 लक्षांची मुदत काहीशी लांबविली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आज चिंपांझी हाच आपला सर्वांत निकटचा आप्त, याविषयी वाद उरलेला नाही. तथापि 2012 साली गोरिलाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसून आले की त्याच्या सुमारे 30 टक्के भागात गोरिला हा माणसाला किंवा चिंपांझीला, ते दोघे परस्परांना जितके जवळ आहेत त्याहून अधिक जवळ आहे. यात विसंगती नाही. तिघांच्या फारकती इतक्या लागोपाठ झाल्या की पूर्वजांच्या कळपात नांदणारे पाठभेद पुरते निवळण्यापूर्वीच पुढची वाटणी झाली, आणि कोणता पाठ कोणाच्या वाट्यास जावा हे निव्वळ योगायोगावर राहिले. त्यामुळे प्राण्यांची वंशावळ एक आणि त्यांच्या जनुकांच्या वंशावळी अनेक, असा हा हिशेब आहे.