मडक्यात मुरलेलं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



डिसेंबर २०२० मध्ये बातमी आली, की हडप्पाकालीन खापरांत मांसाच्या चरबीचे अंश सापडले. लगेच आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले आणि दोघे जण ग्रुप सोडून गेले. नावं घेत नाही. दोघंही समोरच बसलेत, तेही शेजारी शेजारी. मी तेव्हा गप्प बसलो. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते शोभलं नाही, म्हणून आज बोलतो.

माझ्या आजीकडे माशाच्या कालवणाचं मडकं वेगळं आणि दुधाचं वेगळं. कालवणाचं कितीही घासलं तरी वास जात नसे. मातीच्या भांड्याला बारीक छिद्रं असतात. शिजताना तेल-तूप, चरबी त्यांत मुरते आणि हजारो वर्षं टिकू शकते. प्रयोगशाळेत खापराचा वरचा थर खरवडून टाकतात, आतल्या भागाची पूड करतात आणि द्रावकानं ती चरबी बाहेर काढतात. मग तिच्यातल्या पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांत जड कार्बन किती, ते मोजतात. त्यावरून गाई-म्हशी-शेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांचं दूध, त्यांचं मांस आणि डुकरासारख्या प्राण्यांची चरबी यांतला फरक कळतो.

अक्षयेता सूर्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढी, फरमाणा, आलमगीरपूर अशा ठिकाणची १७२ खापरं तपासली. बऱ्याच खापरांतली चरबी डुकराच्या चरबीशी जुळणारी निघाली. दुधाचा पुरावा थोडा. बातमी इथेच थांबली. पण संशोधक थांबले नाहीत, कारण हाडांचा हिशेब जुळत नव्हता. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरच्या पाळीव जनावरांच्या हाडांत गाई-म्हशींची सरासरी ५० ते ६० टक्के, डुकरांची जेमतेम २-३ टक्के. मग एवढी चरबी आली कुठून? एक शक्यता त्यांनीच मांडली: एकाच मडक्यात कधी मांस, कधी भाजी शिजली असेल. मडकं एकेका दिवसाची नोंद ठेवत नाही, सगळ्याची सरासरी सांगतं. दोन वेगळ्या पदार्थांची सरासरी तिसऱ्याच पदार्थासारखी दिसू शकते. आजीसारखी वेगवेगळी मडकी प्रत्येक घरात असतीलच असं नाही!

त्याआधी कल्याण शेखर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी कच्छमधल्या कोटडा भडली या खेड्यातली ५९ खापरं तपासली होती. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकाचा मध्य ते उत्तरार्ध. तिथे एक तृतीयांशाहून जास्त खापरांत दुधाचे अंश मिळाले. म्हणजे संस्कृती तीच, पण गावोगावची चूल वेगळी.

तेव्हा मित्रा, ‘सगळे शाकाहारीच होते’ हे तुझं म्हणणं टिकत नाही; हाडं आणि चरबी दोन्ही त्याच्या विरुद्ध आहेत. आणि तुझ्या शेजाऱ्याचं ‘रोज डुक्करच शिजत होतं’ हेही त्या १७२ खापरांवरून सिद्ध होत नाही. तुम्हाला ग्रुपवर परत घेणं ॲडमिनच्या हातात आहे. ती आत्ता ताटं मांडतेय.

जेवण दोन्ही प्रकारचं आहे. पातेली वेगळी आहेत, मी सकाळीच विचारून घेतलं.