नफ्यातला वाटा की हमीचा पगार?



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या पगाराचा एक भाग ‘व्हेरिएबल’ असतो. कंपनीचं वर्ष कसं गेलं यावर तो ठरतो. म्हणूनच अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सच्या वैमानिकांची गोष्ट मला आपल्यासमोर मांडावीशी वाटते.

२००४ मध्ये कंपनी वाचावी म्हणून या वैमानिकांनी ३२.५ टक्के पगारकपात मान्य केली. तरीही २००५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पगार आणखी घटला. पुढे कंपनी नफ्यात आली, तेव्हा त्यांना वाटा मिळू लागला. २०१५ मध्ये नव्या कराराचा मसुदा आला: पगारवाढ घ्या, वाट्यातला काही भाग सोडा. सुमारे ६५ टक्के मतं विरोधात पडली. २०१६ च्या अखेरीस झालेल्या करारात पगारही वाढला आणि वाटाही टिकला.

मग हमीच्या पगाराचं मोल कमी आहे का? मुळीच नाही. २०२० मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवर आली, डेल्टाला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. नफाच नाही, तर वाटा कसला? घराचा हप्ता मात्र दर महिन्याला येतोच. शिवाय पुढची टक्केवारीतली वाढ मूळ पगारावरच मोजली जाते.

म्हणून मला वाटतं, घर पगारावर चालावं आणि वाटा त्याशिवाय मिळावा. तोट्याच्या वेळी ज्यांचा पगार कापला, त्यांनी नफ्यात वाटा मागणं म्हणजे बक्षीस मागणं नव्हे; तो त्यांचा हक्क आहे. फक्त ‘नफा’ कशाला म्हणायचं, हे करारात आधी लिहून घ्यावं.