पहिलारू कालवडीसाठी वळूची निवड
(पशुपालकांसाठी दिलेले भाषण)



धानाची बांधी आणि गोठ्यात दोन-चार जनावरे, हा आपल्या गोंदिया जिल्ह्यातील बहुतेकांचा संसार. दूध वाढावे म्हणून आपण कालवडीला कृत्रिम रेतन करून घेतो, ते योग्यच आहे. परंतु पहिल्या वेताला केवळ दुधाकडे पाहून वळू निवडू नका. वासरू मोठे आणि कालवड लहान, अशी गाठ पडली की ती विताना अडते. वासरू दगावते, वार अडकते, गर्भाशयाला इजा होते आणि पुढे गाय वारंवार उलटते.

शुद्ध होल्स्टीन वासराचे जन्मवजन साधारण 40 किलो असते, तर जर्सीचे 25 किलोच्या आसपास. म्हणून लहान बांध्याच्या गावठी कालवडीला होल्स्टीनची रेतमात्रा देऊ नये, जर्सी बरी. कालवड कठाणी जातीची असेल तर कठाणीचाच वळू निवडा, म्हणजे जातही टिकेल. लिंगनिर्धारित रेतमात्रेने 10 पैकी सुमारे 9 वासरे मादी होतात. मादी वासरू गोऱ्ह्यापेक्षा थोडे हलके असते, हा आणखी एक फायदा. मात्र गाभ राहण्याचे प्रमाण किंचित कमी असते.

रेतकांडीवर जात आणि वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो वाचून वहीत लिहून ठेवा. कोणत्या वळूची वासरे सहज जन्मली ते पुढच्या वर्षी कळेल. शिवाय लेकीला बापाचेच रेत दिले जाणार नाही.

वळू योग्य असला तरी कालवड भरलेली हवी. संकरित कालवड 250 किलोची झाल्यावरच भरवा. काटा नसेल तर छातीचा घेर इंचात मोजा. त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणून 660 ने भागा. घेर 60 आणि लांबी 44 इंच असेल तर वजन 240 किलो येते. म्हणजे अजून थोडे थांबा.

वासरू लहान राहावे म्हणून गाभण कालवडीला उपाशी ठेवू नका. तिला कळा देण्याची ताकद राहत नाही. नुसत्या तणसावर भागत नाही. हिरवा चारा, ढेप आणि क्षारमिश्रण द्या. पण अती लठ्ठही करू नका.

पाणमोट फुटल्यावर दोन तासांत वासरू बाहेर आले नाही तर ओढाताण न करता पशुवैद्यकास बोलवा.

पहिले वेत सुखरूप पार पडले, तर पुढची अनेक वेते तुमच्या पदरात पडतील.