मोजलंस का गं?

आम्ही एएनएमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली. तुमच्या गटातल्या काही जणींच्या लेकीही या शिक्षणाला गेल्या असतील. अभ्यासक्रम २ वर्षांचा, पण खरं शिकणं दवाखान्यातल्या ड्युटीवर. तिथे सिस्टरांसमोर आपलं नाव चांगलं व्हावं, असं प्रत्येकीला वाटतं. आम्हालाही वाटायचं. म्हणून कडक इस्त्रीचा गणवेश, घट्ट अंबाडा आणि सगळ्याला “हो सिस्टर”!

एका सकाळी आम्ही बाळंतिणींच्या वॉर्डात होतो. कामाची घाई होती. आमच्यातल्या एकीने एका बाळाचे श्वास न मोजताच कागदावर ४० लिहिले. सिस्टर आल्या. कागद पाहून म्हणाल्या, “मोजलंस का गं?”

आमच्या पोटात गोळा आला. पण तिने खरं सांगितलं, “नाही सिस्टर, अंदाजे लिहिलं.”

सिस्टर रागावल्या, पण आधी घड्याळ पुढे केलं. बाळ शांत होतं. पूर्ण १ मिनिट मोजलं. ६८ भरले. पुन्हा मोजलं, तरी तेवढेच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असले, तर ते धोक्याचं लक्षण. डॉक्टरांना लगेच बोलावलं आणि बाळाला नवजात शिशू कक्षात हलवलं. चार दिवसांनी ते आईच्या कुशीत परत आलं. ती खोटं बोलली असती तर? तो विचार आजही आमची झोप उडवतो.

त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या. जे केलं नाही ते लिहायचं नाही. जे येत नाही ते “येत नाही, दाखवा” म्हणून सांगायचं. हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे; हातमोजे घालायचे असले तरी धुवायचेच. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. बाळंतिणीला हात लावण्याआधी “ताई, पोट तपासू का?” असं विचारायचं. आणि गावातली ओळखीची बाई भेटली, तर तिच्या आजाराची गोष्ट घरी आईलाही सांगायची नाही.

म्हणून आयांनो, एवढं करा. लेक ड्युटीला निघाली की तिची नखं कापलेली आहेत का बघा. बांगड्या घरी ठेवू द्या. सेकंदकाट्याचं साधं घड्याळ घेऊन द्या. ड्युटीच्या वेळात फोन करू नका. “अमकीला काय झालंय?” असं विचारू नका. आणि ती एखाद्या दिवशी रडत आली, “आज चूक झाली” म्हणाली, तर “तू सिस्टरांना सांगितलंस ना?” एवढंच विचारा.

सांगितलं असेल, तर तिला जवळ घ्या. चांगली छाप अशीच पडते.