वाचनालयाच्या कार्डावर सहल



पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालयही त्याच साली स्थापन झालं. तिथे दारावर ‘सर्वांना मोफत’ अशी अक्षरं कोरलेली आहेत, आपल्याकडे मात्र अनामत आणि वर्गणी आली. असो. आज सांगायचंय ते पुस्तकांबद्दल नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच वाचनालयांतून आता संग्रहालयाचा पासही घरी नेता येतो.

न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली शहरातल्या तिन्ही ग्रंथालय-संस्थांनी मिळून ‘कल्चर पास’ सुरू केला. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या कुठल्याही कार्डधारकानं संगणकावर तारीख निवडायची आणि पास घ्यायचा. एका संग्रहालयाचा पास वर्षातून एकदाच मिळतो. लहान गावांत वाचनालयाची हितचिंतक मंडळी जुनी पुस्तकं विकून पैसे उभे करतात आणि त्यातून अशा पासांची सोय होते. काही पासांवर नुसती सवलत असते, तेवढं आधी विचारून घ्यावं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून राज्याच्या उद्यानांचा पास मिळू लागला. तो गाडीच्या आरशाला अडकवायचा, दोनशेहून अधिक उद्यानांपैकी हव्या त्या ठिकाणी दिवस काढायचा आणि मुदतीत परत करायचा, पुस्तकासारखाच.

पैसे वाचतात हे खरंच, पण मला यातलं वेगळंच काही आवडतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मोठ्या माणसाचं तिकीट तीस डॉलर. मुलाकडे गेलेले आपले आजोबा मनातल्या मनात त्याचे रुपये करतात, अडीच हजारांच्या वर! मग एकही दालन सोडायचं नाही, पोरं रडकुंडीला आली तरी सगळे मजले पालथे घालायचे. तिकीट महाग असलं की माणूस चित्रं बघत नाही, पैसे वसूल करतो. पास फुकटचा असला की व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्री’पुढे निवांत उभं राहावं, नातीला भूक लागली की सरळ बाहेर पडावं. उरलेलं राहिलं तर राहिलं. पुस्तकसुद्धा आपण चाळून, न आवडल्यास परत करतोच की.

एक अडचण आहे. शनिवार-रविवारचे पास भराभर संपतात, नोकरदारांना चुटपुट लागते. पण सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजी-आजोबांना बुधवार काय नि रविवार काय! सुनेच्या कार्डावरचा पास आपल्याला चालतो का ते विचारून तो काढावा, शाळेला सुट्टी असेल तर नातीला सोबत घ्यावं आणि डबा बांधून निघावं.